देखणे आणि ओळखणे : इंद्रियज्ञानाची मर्यादा व परमार्थज्ञान

विषयप्रवेश

पंचगंगेपलीकडे, पुणे-बंगळूर महामार्गालगत शिरोलीची औद्योगिक वसाहत आहे. लोक तिला शिरोली एमआयडीसी म्हणतात. येथील फौंड्र्यांतून मोटारी, ट्रॅक्टर व पंप यांचे बिडाचे भाग ओतले जाऊन दूरदूरच्या कारखान्यांना जातात. अशा कारखान्यात काम करणारा उपदेशी आपल्या पाळीचे आठ तास मोजमापाच्या व्यवहारात घालवतो. तेथे प्रत्येक वस्तू तपासली जाते, तिचा दाखला लिहिला जातो आणि मगच ती पुढच्या हाती जाते. साहजिकच जेवणाच्या सुट्टीत सहकारी त्याला विचारतो, "तुमचा परमेश्वर दाखवा, मग मानू." शेजारी बसलेल्या ख्रिस्ती कामगारालाही हाच प्रश्न विचारला जातो. कोल्हापुरात अमेरिकन मिशनचे कार्य १८५२ साली सुरू झाले, त्यामुळे ख्रिस्ती कुटुंबे या भागास नवी नाहीत.

या प्रश्नास दोन प्रकारची उत्तरे दिली जातात. कोणी मौन धरतो. कोणी म्हणतो, "इंद्रियांना मर्यादा आहे, तेव्हा जे दिसत नाही तेही मानलेच पाहिजे." पहिले उत्तर दुबळे आहे, दुसरे घातक आहे. जे दिसत नाही ते सर्व मानावयाचे ठरले, तर ज्या दाराने परमेश्वराचे नाव आत येते त्याच दाराने अंगात येणारा, अंगारा देणारा, गुप्तधन दाखवणारा भोंदूही आत येतो. म्हणून इंद्रियांची मर्यादा नेमकी कोणती, ती कोठवर ओलांडता येते आणि त्यापलीकडील ज्ञान कोणत्या मार्गाने येते, याचा विचार साधकाने नीट केला पाहिजे. या विचारात वैदिक दर्शने, सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींची ब्रह्मविद्या आणि ख्रिस्ती धर्मविचार हे काही अंतर एकत्र चालतात व पुढे वेगळे होतात. ते कोठपर्यंत एकत्र आहेत आणि कोठे वेगळे होतात, हे पाहणे या लेखाचे प्रयोजन आहे.

दृष्टांत

फौंड्रीत ओल्या वाळूचा साचा करतात. पोकळ भाग हवा असेल तेथे वाळूचाच गाभा बसवतात, त्यास कामगार कोअर म्हणतात. भट्टीत वितळलेले बीड सुमारे १४०० अंश सेल्सिअस तापमानास साच्यात ओततात. रस थिजला की साचा फोडून कास्टिंग बाहेर काढतात, झाडून घासून स्वच्छ करतात. ते वरून गुळगुळीत, भरीव व निर्दोष दिसते. परंतु ओतताना वायू आत अडकला असेल तर पृष्ठभागाखाली पोकळी राहते. तिला ब्लो होल म्हणतात. ती डोळ्यास दिसत नाही, हातास लागत नाही. कधी लेथवर वरचा थर उतरवल्यावर ती उघडी पडते, कधी गाडी रस्त्यावर धावू लागल्यावर भाग तुटतो तेव्हा कळते.

जुना मिस्त्री कास्टिंग टांगून त्यावर हातोडी मारतो. निर्दोष कास्टिंग खणखणीत वाजते, चिरलेले बद्द वाजते. डोळ्यास जे कळले नाही ते कानास कळले. जेथे कानही पुरत नाही तेथे अल्ट्रासॉनिक यंत्र लावतात. माणसाचा कान सुमारे २० ते २०,००० हर्ट्झ एवढ्याच कंपनांचा ध्वनी ऐकतो. यंत्राचा ध्वनी त्याच्या कितीतरी पलीकडचा असतो. तो धातूत शिरतो, पोकळीवर आपटून परत येतो आणि पडद्यावर एक रेघ उमटते. क्ष-किरणांनी किंवा गॅमा किरणांनी छायाचित्र घेतले तर पोकळीची सावली फिल्मवर दिसते. धातूत कर्ब किती, सिलिकॉन किती, हे स्पेक्ट्रोमीटर लहानशा ठिणगीच्या प्रकाशावरून सांगतो.

आता या दृष्टांतातील मर्माची गोष्ट पाहावी. पडद्यावरची रेघ नवख्या मुलास दिसते तशीच ती अनुभवी तपासनिसासही दिसते. दोघांचे डोळे सारखे आहेत. पण नवखा रेघ पाहतो आणि जाणता पोकळी ओळखतो. कोणती रेघ कास्टिंगच्या मागच्या पृष्ठभागाची व कोणती दोषाची, हे नवख्यास यंत्र शिकवत नाही. ज्यास ते ठाऊक आहे असा माणूस शेजारी उभा राहून शिकवतो. म्हणजे येथे दोन वेगवेगळ्या उणिवा आहेत. एक पोहोचीची, दुसरी ओळखीची. यंत्राने पोहोच वाढते. ओळख जाणत्याकडून मिळते.

न दिसण्याची आठ कारणे

पोहोचीच्या उणिवेचा विचार आपल्या दर्शनकारांनी फार बारकाईने केला आहे. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत असलेली वस्तू का दिसत नाही याची आठ कारणे दिली आहेत. वस्तू फार दूर असते, जसा आकाशात उंच गेलेला पक्षी. फार जवळ असते, जसे डोळ्यातील काजळ. इंद्रियच बिघडलेले असते, जसा वर्षानुवर्षे यंत्रांच्या आवाजात राहून बधिर झालेला कान. मन ठिकाणावर नसते, जसे तिसऱ्या पाळीत पेंगुळलेल्या कामगाराचे. वस्तू अतिसूक्ष्म असते, जसे धातूतील घटक. मध्ये आडपडदा असतो, जशी पृष्ठभागाखालची पोकळी. प्रखर वस्तू मंद वस्तूस झाकून टाकते, जसा दिवसा सूर्य ताऱ्यांना झाकतो. आणि शेवटी, वस्तू तिच्यासारख्याच वस्तूंत मिसळून जाते, जसे शंभर चांगल्या कास्टिंगच्या ढिगातील एक सदोष कास्टिंग.

यांपैकी बहुतेक कारणांवर आधुनिक विज्ञानाने उपाय शोधले. दुर्बिणीने दूरपणा, सूक्ष्मदर्शकाने सूक्ष्मपणा आणि क्ष-किरणांनी आडपडदा जिंकला. विज्ञानाचे हे यश साधकाने मोकळ्या मनाने मान्य करावे. त्यात परमार्थाची काही हानी नाही. मात्र मन ठिकाणावर नसणे या चौथ्या कारणावर कोणतेही यंत्र पुरे पडत नाही, हेही ध्यानात घ्यावे. यंत्र रेघ दाखवील, तिच्याकडे लक्ष देणे माणसावरच राहते.

याच विचारातून प्रमाणांची चर्चा वाढली. चार्वाकाने प्रत्यक्ष हे एकच प्रमाण मानले. वैशेषिक व बौद्ध यांनी त्यास अनुमानाची जोड दिली. सांख्यांनी आप्तवचन हे तिसरे प्रमाण मानले. नैयायिकांनी उपमान धरून चार, तर भाट्ट मीमांसक व अद्वैत वेदान्ती यांनी सहा प्रमाणे सांगितली. संख्येचा वाद बाजूस ठेवला तरी एक गोष्ट उरते. चार्वाकासही आपला पिता कोण हे डोळ्यांनी कळलेले नसते. ते त्याने आईच्या शब्दावरून जाणलेले असते. आप्ताच्या वचनावाचून माणसाचा एक दिवसही चालत नाही. फौंड्रीतील कामगार स्पेक्ट्रोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवतो तोही यंत्र बनवणाऱ्या व प्रमाणित करणाऱ्या माणसांच्या शब्दावरच.

दार्ष्टांतिक

दृष्टांत एका अंशापुरता घ्यावा, ही दृष्टांतपाठाच्या अभ्यासकास शिकवण्याची गोष्ट नाही. बिडातील पोकळी आज दिसत नसली तरी ती प्रपंचातीलच वस्तू आहे. अधिक चांगले यंत्र आले की ती दिसेल. परमेश्वर हा असा आजवर न सापडलेला पदार्थ नव्हे. ब्रह्मविद्येत जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर असे चार पदार्थ नित्य व परस्परांहून भिन्न सांगितले आहेत. इंद्रिये ही प्रपंचाची. त्यांचा व्यापार प्रपंचापुरता. ज्या जीवाच्या ठिकाणी हे ज्ञान व्हावयाचे तो जीवही आपल्याच डोळ्यांना दिसत नाही, कारण तो पाहणारा आहे. कठोपनिषदातही इंद्रियांची तोंडे बाहेरच्या बाजूस उघडलेली आहेत आणि एखादाच धीर पुरुष दृष्टी आत वळवतो, असा आशय आला आहे.

येथे साधकाने एक सावधगिरी बाळगावी. इंद्रियांच्या पलीकडे आहे तेवढ्यावरून ते परमेश्वर ठरत नाही. ब्रह्मविद्येप्रमाणे देवताही इंद्रियांस अगोचर आहेत. त्यांच्या उपासनेने त्यांची त्यांची फळे मिळतात, पण मोक्ष मिळत नाही. तेव्हा कोणास काही अलौकिक दिसले, ऐकू आले, अंगावर रोमांच उभे राहिले, तरी त्यावरून परमेश्वराची ओळख पटली असे होत नाही. ख्रिस्ती परंपरेतही हा विवेक आहे. योहानाच्या पहिल्या पत्रात प्रत्येक आत्म्यावर विश्वास न ठेवता तो पारखून घ्यावा असा उपदेश आहे. सोळाव्या शतकातील स्पेनमधील ख्रिस्ती साधू क्रुसाचा योहान याने तर साधकाने दर्शने व आवाज यांना बिलगू नये, असे आपल्या ग्रंथांत विस्ताराने सांगितले आहे. अलौकिकाची हौस आणि परमार्थाची तहान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याविषयी दोन्ही मार्गांचे एकमत आहे.

हत्तीचा दृष्टांत व त्याचा विपरीत अर्थ

जन्मांध माणसे हत्ती पाहावयास गेली, ज्याच्या हाती जो अवयव लागला तेवढाच हत्ती असे त्याने सांगितले, हा दृष्टांतपाठातील दृष्टांत आज सर्वत्र सांगितला जातो. सर्व धर्म सारखेच, सर्वांस थोडे थोडे सत्य सापडले, असा त्याचा अर्थ व्यासपीठावरून लावण्यात येतो. परंतु पाय चाचपणारा, कान चाचपणारा आणि शेपूट चाचपणारा हे तिघेही अर्धवट आहेत, हे सांगणार कोण? ज्यास डोळे आहेत आणि ज्याने सगळा हत्ती पाहिला आहे तोच. डोळस माणूस वगळला तर दृष्टांतच उभा राहत नाही. आंधळ्यांनी आपापसांत कितीही सलोखा केला तरी त्यातून हत्ती सिद्ध होत नाही. म्हणून या दृष्टांताचे तात्पर्य असे की, इंद्रियांनी व तर्काने मिळालेले तुकडे तुकडेच राहतात आणि समग्र ज्ञान ज्यास आहे त्याच्याकडूनच ते घ्यावे लागते. आंधळ्यांचा उपहास करण्याचा परवाना मात्र हा दृष्टांत देत नाही. हातास लागलेला पाय खराच होता.

एका मराठी पंडिताची साक्ष

हा वाद महाराष्ट्रीय विद्वत्तेत एका माणसाच्या आयुष्यात जसा उतरला तसा क्वचितच दुसरीकडे उतरला असेल. नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांचा जन्म १८२५ साली कोकणस्थ ब्राह्मण कुळात झाला. त्यांचे घराणे काशीत स्थायिक होते. जॉन म्यूर या कंपनी सरकारच्या स्कॉटिश अधिकाऱ्याने १८३९ साली 'मतपरीक्षा' हा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध केला होता. खरा धर्म कोणता हे माणसाने बुद्धीने पारखावे, त्यासाठी संस्थापकाचे चमत्कार, ग्रंथाचे पावित्र्य व सर्व मानवांसाठी असणे ही लक्षणे पाहावीत, असा त्याचा रोख होता. त्यास उत्तर म्हणून १८४४-४५ च्या सुमारास, वयाच्या विशीत असताना, गोऱ्ह्यांनी 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहिला. अतींद्रिय विषयांत निराधार तर्कास स्थान नाही, शास्त्रावरील श्रद्धा आधी व तर्क तिच्यामागून, ही त्यांची भूमिका होती. तर्काने दोष काढावयाचे म्हटले तर ते प्रत्येक धर्मात काढता येतील, असे त्यांचे म्हणणे होते.

पुढे काशीतील मिशनऱ्यांशी वाद करता करता त्यांचे मत पालटले. १८४८ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला व नेहेम्या हे नाव धारण केले. १८६० साली त्यांचा 'षड्दर्शनदर्पण' हा हिंदी ग्रंथ निघाला. त्यात त्यांनी सहाही दर्शनांवर टीका केली. वेदान्त्यांनी पारमार्थिक, व्यावहारिक व प्रातिभासिक अशा तीन सत्ता मानल्या, त्यांवर त्यांचा विशेष आक्षेप होता. महानुभाव अभ्यासकास या टीकेतील काही भाग अपरिचित वाटणार नाही, कारण जीव व परमेश्वर यांचा भेद ब्रह्मविद्येसही मान्य आहे.

विचार करण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. धर्मांतरानंतरही गोऱ्हे यांना शंकांनी सोडले नाही. त्यांचा पिंडच तार्किकाचा होता. आरंभी ते ज्या मिशनमध्ये होते ते सोडून ते हळूहळू चर्चच्या परंपरेस व अधिकारास अधिक मान देणाऱ्या अँग्लिकन शाखेकडे गेले, तेथे धर्मोपदेशक झाले आणि १८९५ साली वारले. तरुणपणी हिंदू पंडित या नात्याने त्यांनी जे म्हटले, तेच उतारवयात ख्रिस्ती उपदेशक या नात्याने त्यांना दुसऱ्या शब्दांत मान्य करावे लागले. अतींद्रिय विषयात बुद्धी एकटी टिकत नाही, तिला आप्ताच्या वचनाचा आधार लागतो. धर्म बदलला, पण प्रमाणाचा प्रश्न बदलला नाही. या प्रामाणिक पंडिताच्या आयुष्यातून कोणत्याही एका पक्षाने विजयाचे भांडवल करू नये. दोन्ही पक्षांनी शिकावे असे त्यात पुष्कळ आहे.

ख्रिस्ती धर्मातील विचार

ख्रिस्ती विचार मराठीत नवा नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे १५७९ साली गोव्यास आले व त्यांचे ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. त्यात मराठी भाषा व पुराणाची घाटणी वापरून बायबलमधील कथा सांगितली आहे. पुढे १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत आणले. ज्यांना ख्रिस्ती मत मराठीतून समजून घ्यावयाचे आहे त्यांना हे साधन उपलब्ध आहे.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभीच देवास कोणी कधी पाहिलेले नाही असे सांगितले आहे. पौलाच्या मते आज माणसास जे कळते ते धातूच्या अंधुक आरशात पाहिल्यासारखे आहे, समोरासमोरचे दर्शन पुढे व्हावयाचे आहे. तेराव्या शतकातील थॉमस अक्विनास या पंडिताने माणसाचे सर्व स्वाभाविक ज्ञान इंद्रियांपासून सुरू होते असे मानले. सृष्टीरूप कार्यावरून देव आहे एवढे बुद्धीस अनुमानता येते, परंतु त्याचे स्वरूप कोणत्याही निर्मित बुद्धीस स्वतःच्या बळाने दिसू शकत नाही, त्यासाठी देवाने स्वतःच बुद्धीस प्रकाश द्यावा लागतो, असा त्याचा सिद्धान्त आहे. गीतेच्या अकराव्या अध्यायात अर्जुनास त्याच्या स्वतःच्या डोळ्यांनी विश्वरूप दिसणे शक्य नव्हते, म्हणून भगवान श्रीकृष्ण चक्रवर्तींनी त्यास दिव्य चक्षू दिले. दोन परंपरांचे शब्द वेगळे, काळ वेगळा, देश वेगळा. तथापि हा डोळा मिळवावा लागत नाही, तो द्यावा लागतो, हे दोहोंकडे एकच.

देखूनही न ओळखणे

येथवरचा विचार परमेश्वर इंद्रियांच्या पोहोचीत नाही, असा होता. आता त्याहून खोल गोष्ट. परमेश्वर कृपावश होऊन मनुष्यदेहात आला, म्हणजे इंद्रियांच्या पोहोचीत आला, तरी काय होते?

ऋद्धिपुरात श्रीगोविंदप्रभू वावरत होते. लोक त्यांना रोज पाहत. पाहून अनेकांनी त्यांना वेडे ठरवले. श्रीचांगदेव राऊळ यांना माहूर येथे श्रीदत्तात्रेयप्रभूंनी व्याघ्ररूपाने दर्शन दिले. जे वाघच पाहत होते त्यांना भयाने पळावेसे वाटले, ज्यांना ओळख होती त्यांच्या मस्तकावर कृपेचा हात पडला. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींची श्रीमूर्ती पैठणच्या पंडितांनीही पाहिली आणि नागदेवाचार्यांनीही पाहिली. डोळ्यांत भेद नव्हता. गीतेत श्रीकृष्णांनी मनुष्यदेह धारण केलेल्या आपणास मूढ लोक हलके लेखतात असे म्हटले आहे, त्याचा अनुभव प्रत्येक अवतारात आला.

ख्रिस्ती ग्रंथांतही हेच चित्र आहे. नासरेथच्या लोकांनी येशूस सुताराचा मुलगा म्हणून पाहिले व तेथेच ते थांबले. जन्मांधास दृष्टी मिळाल्याची कथा योहानाने सांगितली आहे. तिचा शेवट असा की, ज्यास कधीच दिसले नव्हते तो ओळखतो आणि आपणास दिसते असा अभिमान असलेले शास्त्री आंधळे ठरतात. पुनरुत्थानानंतर दोन शिष्य अम्माऊस गावाच्या वाटेवर येशूबरोबर चालतात, बोलतात, पण ओळखत नाहीत. त्याने भाकर मोडून दिली तेव्हा ओळख पटते. थोमा नावाचा शिष्य मात्र जखमेत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही असे म्हणतो. फौंड्रीतील सहकाऱ्याचा प्रश्न हा थोमाचाच प्रश्न आहे. येशूने त्यास झिडकारले नाही, हात पुढे करावयास सांगितले. आणि न पाहता विश्वास ठेवणाऱ्यांना धन्य म्हटले.

कोल्हापूरच्या साधकास यात एक जवळची खूण आहे. श्रीदत्तात्रेयप्रभू प्रतिदिनी कोल्हापुरास भिक्षा करतात अशी पंथाची श्रद्धा आहे. ते कोणत्या रूपात येतील हे ठाऊक नाही. म्हणजे या क्षेत्रात राहणाऱ्यापुढे प्रश्न "परमेश्वर दिसेल का" एवढाच राहत नाही. दिसला तर ओळखता येईल का, हा तो प्रश्न आहे. दारात आलेल्या भिक्षुकास हाकलून देणारा आणि देव्हाऱ्यापुढे दर्शनाची याचना करणारा माणूस आपल्याच प्रश्नाचे उत्तर देऊन बसलेला असतो.

असन्निधानातील प्रश्न

ज्यांना सन्निधान लाभले त्यांची गोष्ट वेगळी. स्वामींनी उत्तरापंथे गमन केल्यानंतर जे जन्मले त्यांनी काय करावे? येथेही दोन्ही परंपरांपुढे सारखीच अडचण आहे आणि दोन्हींनी शोधलेला मार्ग एका जातीचा आहे. तो म्हणजे पाहणाऱ्यांची साक्ष काळजीपूर्वक जपणे.

म्हाइंभटांनी लीळा गोळा केल्या त्या कल्पनेने नव्हे. ज्यांनी ज्यांनी लीळा पाहिल्या वा ऐकल्या त्यांच्याकडे ते गेले, विचारून घेतले व नागदेवाचार्यांकडून ते तपासून घेतले. म्हाइंभट मुळात वाद करणारे पंडित. ऐकले ते लिहिले असा त्यांचा स्वभाव नव्हता. जेथे स्मरणात भेद पडला तेथे हिराइसा, परशरामबास, रामेश्वरबास यांच्या वासना स्वतंत्र नोंदल्या गेल्या. भेद लपवले नाहीत. लूकनेही आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभी प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून आलेल्या गोष्टींचा मुळापासून शोध करून आपण लिहीत आहोत असे नमूद केले आहे. ख्रिस्ती मंडळीनेही चार शुभवर्तमाने चारच ठेवली, त्यांचे कालवण करून एक केले नाही. साक्षीदारांचे किरकोळ भेद जसेच्या तसे ठेवणे, हे साक्ष प्रामाणिक असल्याचे एक गमक आहे. न्यायालयातही पढवलेले साक्षीदारच शब्दाशब्दांत जुळतात.

हे शब्दप्रमाण झाले. परंतु शब्द ऐकणे म्हणजे ज्ञान पुरे झाले असे नव्हे. ब्रह्मविद्येत शाब्दज्ञानापासून विशेषज्ञानापर्यंत पायऱ्या आहेत. शब्दाने दिशा कळते. म्हणून असन्निधानात नाम, लीळा, मूर्ती, चेष्टा यांचे स्मरण व आचार सांगितला आहे. रेघेचा अर्थ शिकवला गेला तरी शंभर कास्टिंग हाताखालून जाईपर्यंत तपासनीस तयार होत नाही, तसेच हे.

जेथे मार्ग भिन्न होतात

साम्य पाहून भेद विसरणे हेही अज्ञानच. ख्रिस्ती मताप्रमाणे जीव देवाने निर्माण केला. ब्रह्मविद्येप्रमाणे जीव अनादी असून अनादी अविद्येने बद्ध आहे. म्हणून ख्रिस्ती विचारात न ओळखण्याचे मूळ पापाने मलिन झालेल्या मनात शोधतात, तर येथे ते अविद्येत शोधतात. ख्रिस्ती मत देवाने एकदाच मनुष्यदेह धारण केला असे मानते. पंथ पंचकृष्ण मानतो आणि अवतारास युगायुगांत अवसर आहे असे सांगतो. ख्रिस्ती मतात देहाचेही पुनरुत्थान आहे, म्हणजे इंद्रिये शुद्ध होऊन टिकतात. ब्रह्मविद्येत देह व इंद्रिये प्रपंचाची असल्याने मुक्त जीवास ती उरत नाहीत. ख्रिस्ती भक्त श्रद्धेस आधारस्तंभ मानतो व पूर्ण दर्शन मरणोत्तर जीवनावर ठेवतो. महानुभाव साधक अवताराकडून मिळणाऱ्या ज्ञानास उद्धरणाचे साधन मानतो. हे भेद शाब्दिक नाहीत. त्यांवर सौजन्याने पण स्पष्टपणे बोलता आले पाहिजे. शेजारच्या यंत्रावरील ख्रिस्ती बांधवाशी बोलताना भेद झाकणे हा आदर नव्हे, आणि भेदामुळे साम्य नाकारणे हा निष्ठेचा पुरावा नव्हे.

साधकास उपयोग

वरील विचारातून व्यवहारास उपयोगी अशा चार गोष्टी निघतात.

पहिली, प्रपंचाच्या गोष्टीत इंद्रिये, यंत्रे व विज्ञान यांचाच शब्द मानावा. ताप आला तर वैद्याकडे जावे, कास्टिंग सदोष निघाले तर वाळूचा ओलावा तपासावा. तेथे नामस्मरणाची सबब सांगणे हा नामाचा अपमान आहे.

दुसरी, कोणी अतींद्रिय शक्तीच्या नावाने पैसा, देह वा भीती मागू लागला तर तो परमेश्वराचा मार्ग नव्हे हे ओळखावे. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. ज्या पंथाने सात-आठशे वर्षांपूर्वी देवतांच्या भयापासून जीवास सोडवण्याचा उपदेश केला त्याच्या अनुयायास अशा भोंदूंपुढे हात जोडण्याचे कारण नाही.

तिसरी, वचन मानण्यापूर्वी ते कोणाचे, ते कोणी पाहिले, कोणी तपासले व सांगणाऱ्यास त्यातून काय मिळाले हे विचारावे. लीळाचरित्र या प्रश्नांस उत्तर देते. ते विचारणे म्हणजे अश्रद्धा नव्हे. म्हाइंभटांनी हेच केले.

चौथी व शेवटची, "परमेश्वर दाखवा" असे विचारणाऱ्या सहकाऱ्यावर रागावू नये. त्यास म्हणावे, "दाखवणे माझ्या हाती नाही, ते त्याच्या कृपेच्या हाती आहे. ज्यांनी पाहिले त्यांची साक्ष मी वाचली आहे, ती तूही वाच. आणि तिच्याप्रमाणे मी कसा वागतो ते रोज पाहा." यातील शेवटचे वाक्य उच्चारणे सोपे, पाळणे कठीण. फौंड्रीत आठ तास शेजारी उभा असलेला माणूस ग्रंथ वाचण्याआधी उपदेश्याचा आचार वाचत असतो. इंद्रियांना परमेश्वर दिसत नाही हे खरे. पण त्यास मानणारा खोटे माप लिहितो की नाही, दुर्बलास हीन शब्द बोलतो की नाही, व्यसनापासून दूर आहे की नाही, हे इंद्रियांना स्वच्छ दिसते. तेवढ्यापुरती तरी सहकाऱ्याची मागणी पुरी करणे उपदेश्याच्या हाती आहे.